विजेरीतला अंतरपाट



गेल्या पंधरवड्यात एका शाळेच्या गुरुजींचे पत्र माझ्या हाती आले. पत्र लहानसेच आहे. त्यांच्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, टॉर्चचा सेल कधी पेट घेत नाही. मग मोबाईलची बॅटरी का पेट घेते?" गुरुजींनी प्रामाणिकपणे लिहिले आहे, "उद्या सांगतो म्हणालो, त्याला आता तीन आठवडे झाले." असे उद्या आम्हां सगळ्यांच्याच वाट्याला येतात. तेव्हा आजचे भाषण त्या मुलासाठी आहे, असे समजा. बाकीच्यांनी ऐकायला हरकत नाही. कारण आता घरोघरी मोबाईल आहे, शेतावर बॅटरीचा फवारणी पंप आहे, आणि पुष्कळ गावांत विजेवर चालणारी स्कूटरही येऊन पोचली आहे.

कोणतीही बॅटरी घ्या. टॉर्चची घ्या, ट्रॅक्टरची घ्या, फोनची घ्या. तिच्यात दोन बाजू असतात, एक धन आणि एक ऋण. दोहोंच्या मध्ये काहीतरी ओले असते, ज्यातून विजेचा भार घेतलेले अणू इकडून तिकडे जातात. या अणूंना आयन म्हणतात. एवढे शाळेच्या पुस्तकात असते. पण आणखी एक वस्तू असते, तिच्याकडे कोणी पाहत नाही. दोन बाजूंच्या मध्ये धरलेला एक पातळ पडदा. इंग्रजीत त्याला सेपरेटर म्हणतात. मी त्याला अंतरपाट म्हणतो. लग्नात वधूवरांच्या मध्ये धरतात तोच. मंगलाष्टके संपली की भटजी तो बाजूला ओढतात आणि वाजंत्री वाजू लागते. बॅटरीतला अंतरपाट मात्र एकदा धरला की शेवटपर्यंत ओढायचा नाही. तो सरला की तिथेही वाजते, पण ते निराळे वाजणे!

या पडद्याची गंमत अशी की त्याला एकाच वेळी दोन उलटी कामे करायची असतात. आयन जाऊ द्यायचे, पण दोन बाजू एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत. चाळणी व्हायचे आणि भिंतही व्हायचे. जगातली पहिली बॅटरी इटलीच्या अलेस्सान्द्रो व्होल्टा यांनी १८०० साली जाहीर केली, तिच्यातही तो होताच. चांदीच्या आणि जस्ताच्या चकत्या एकावर एक रचलेल्या, आणि प्रत्येक जोडीनंतर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठ्याचा किंवा कापडाचा तुकडा. १८५९ साली फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते यांनी शिशाची बॅटरी केली, तिचीच नात आज तुमच्या ट्रॅक्टरात बसली आहे. त्यांनीही शिशाचे दोन पत्रे एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये वेगळी पट्टी घालूनच त्यांची गुंडाळी केली होती.

मी लहान असताना आमच्या बाजारपेठेत बॅटरी दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीचे दुकान होते. शाळा सुटल्यावर मी तिथे जाऊन बसत असे. मिस्त्री मेलेली बॅटरी उघडायचे, आणि पहिल्यांदा शिशाच्या प्लेटा न पाहता प्लेटांच्या मधल्या पट्ट्या उजेडासमोर धरून पाहायचे. मला वाटायचे, हे भलतेच काय पाहतात? एकदा त्यांनी एक पट्टी माझ्या हातात दिली. तिला सुईच्या अग्राएवढे भोक पडले होते आणि भोवती काळा डाग. "हे बघ," ते म्हणाले, "प्लेट चांगली आहे, तेजाब चांगला आहे. बॅटरी गेली ती ह्या भोकातून." ते वाक्य मी विसरलो नाही. आजचा विषय म्हणजे त्याच भोकाची गोष्ट आहे, फक्त शिशाच्या जागी लिथियम आहे.

आता लिथियम म्हणजे काय ते पाहू. हा एक धातू आहे, आणि धातूंमध्ये सर्वांत हलका. पाण्याच्या निम्म्याने हलका. लाकडासारखा तरंगेल, पण पाण्यात टाकायची सोय नाही, कारण पाण्याशी त्याचे वाकडे आहे. तो पाण्याचे विघटन करून हायड्रोजन वायू सोडतो. सुरीने कापता येईल इतका मऊ. १८१७ साली स्वीडनच्या योहान आर्फव्हेडसन यांना तो एका खनिजात प्रथम आढळला. दगडात सापडला म्हणून ग्रीक भाषेतल्या दगडाच्या शब्दावरून त्याचे नाव पडले. दगडावरून नाव आणि लोण्यासारखा मऊ, असा हा विरोध आहे.

वीज साठवायला हा धातू फार सोयीचा. पण तुमच्या फोनच्या बॅटरीत लिथियमचा पत्रा नसतो, बरं का. तिच्या ऋण बाजूला ग्रॅफाइट असते, म्हणजे पेन्सिलीच्या शिशात असतो तो कोळशाचा प्रकार. भारताना लिथियमचे आयन येऊन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात, आणि बॅटरी वापरताना बाहेर पडून परत जातात. शिक्षक मित्रांनी हा हिशेब फळ्यावर करून पाहावा. एका लिथियम अणूला राहायला कार्बनचे सहा अणू लागतात. कार्बनचा अणुभार १२, म्हणजे सहांचे ७२. लिथियमचा अणुभार जवळजवळ ७. सात किलो धान्य ठेवायला बहात्तर किलोची कणगी झाली की नाही? कणगीच काढून टाकली आणि नुसत्या लिथियमचा पत्रा लावला, तर त्याच वजनात सुमारे दसपट वीज मावते. ग्रॅफाइटच्या एका ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास, तर शुद्ध लिथियमच्या एका ग्रॅममागे ३,८६०. अर्थात बॅटरीत बाकीचे सामानही असतेच, म्हणून सबंध बॅटरी दसपट होत नाही. दीडपट, फार तर दुप्पट होईल. तरी तेही थोडे नाही. एका भारात शंभर किलोमीटर जाणारी गाडी दीडशे-दोनशे किलोमीटर जाऊ लागली, तर तालुक्याच्या गावी जाऊन परत यायची काळजी मिटेल.

मग हे लोक लिथियमचा पत्रा लावत का नाहीत? लावून पाहिला. मूळ कल्पना तीच होती. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत एक्सॉन या तेलाच्या कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम हे शास्त्रज्ञ लिथियमचा पत्रा एका बाजूला आणि टायटॅनियम डायसल्फाइड दुसऱ्या बाजूला अशी पुन्हा पुन्हा भारता येणारी बॅटरी करीत होते. बॅटरी चालली. पण प्रयोगशाळेत इतक्या वेळा आग लागली की, अग्निशामक दलाच्या लोकांनी लिथियमची आग विझवायला लागणाऱ्या खास रसायनांचे पैसे प्रयोगशाळेकडून घेऊ, अशी तंबी दिली म्हणतात. पुढे कॅनडात मोली एनर्जी नावाच्या कंपनीने लिथियमच्या पत्र्याच्या बॅटऱ्या बाजारातही आणल्या. १९८९ साली जपानात त्या बसवलेल्या फोनमध्ये आगीचे प्रकार झाले, माल परत मागवावा लागला, आणि कंपनी डबघाईला आली. १९९१ साली सोनीने जी लिथियम बॅटरी विकायला काढली, तिच्यात लिथियमचा पत्रा नव्हता, कार्बनची कणगी होती. तीच आजपर्यंत चालत आली. व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि जपानचे अकिरा योशिनो या तिघांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कामाबद्दल. म्हणजे वजन जास्त पत्करले, पण घर जळण्याचे टाळले. शहाणपणाचा सौदा होता.

आता आग लागत होती ती का? इथे जरा सावकाश जाऊ.

बॅटरी भारताना लिथियमचे आयन पडद्यातून येतात आणि पत्र्यावर बसून पुन्हा धातू होतात. ते सारखे, सपाट बसले तर काही बिघडत नाही. सारवलेल्या अंगणासारखा पत्रा एक थर जाड होईल, वापरताना पुन्हा पातळ होईल. पण तसे होत नाही. लिथियम इतका चळवळ्या आहे की मधल्या द्रवाला शिवताच त्याच्यावर एक पापुद्रा धरतो, दुधावर साय धरते तसा. हा पापुद्रा सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. जिथे तो पातळ किंवा चिरलेला, तिथे लिथियम जास्त बसते आणि एक उंचवटा तयार होतो. उंचवटा झाला की त्याच्या टोकापाशी विजेची ओढ जास्त, म्हणून पुढचे आयन तिथेच धाव घेतात. ज्या सरीत उतार जास्त, तिकडेच पाटाचे पाणी पळते ना, तसे. बाकीचे वाफे कोरडे, आणि एकच वाफा तुडुंब. बघता बघता त्या उंचवट्याचा काटा होतो, काट्याला फांद्या फुटतात. ग्रीक भाषेत झाडाला डेन्ड्रॉन म्हणतात, त्यावरून या झुडपांना शास्त्रज्ञांनी डेन्ड्राइट असे नाव दिले. बॅटरी जितक्या घाईने भाराल, तितकी ही झुडपे फोफावतात. थंडीतही तेच होते.

झुडूप वाढत वाढत पडद्याशी येते, त्याच्या छिद्रात शिरते, आणि पलीकडच्या बाजूला टेकते. झाले. अंतरपाट सरला! साठवलेली सगळी वीज त्या केसाएवढ्या वाटेने एकदम धावते, तार तापते, पडदा वितळतो, भोक मोठे होते, आणि मधला द्रव पेट घेतो. कारण तो द्रव पाण्यातला नसतो. लिथियमला पाणी चालत नाही म्हणून स्पिरिटसारखा पेटणारा सेंद्रिय द्रव घालावा लागतो. आता त्या मुलाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळाले. टॉर्चच्या सेलमध्ये पाण्यात कालवलेला लगदा असतो आणि वीजही थोडी असते. तो टेकला-बिघडला तर गरम होईल, फुगेल, पाझरेल. पेटायला त्याच्यापाशी सरपणच नाही.

सगळी झुडपे पलीकडे पोचतात असेही नाही. पुष्कळशी मुळाशी तुटून द्रवात सुटी पडतात. ते लिथियम पत्र्याच्या कामातून गेले. त्याला मृत लिथियम म्हणतात. शिवाय प्रत्येक नव्या काट्यावर नवा पापुद्रा धरतो, त्यात द्रवही खर्च होतो. शिक्षकांनी याचे गणित मुलांना जरूर घालावे. दर फेरीला शंभरातला एक भाग वाया गेला, तर शंभर फेऱ्यांनंतर किती उरेल? मुले म्हणतील, काहीच नाही. पण उलट्या चक्रवाढीने मोजा. सुमारे ३७ भाग उरतात. हजारातला एकच भाग गेला तर शंभर फेऱ्यांनंतर ९० उरतात, पण पाचशे फेऱ्यांनंतर ६०. आणि स्कूटरची बॅटरी निदान हजार फेऱ्या चालावी असे आपण म्हणणार! म्हणजे नव्व्याण्णव टक्के गुण मिळवणारा विद्यार्थी इथे नापासच समजायचा.

मग यावर उपाय काय? शास्त्रज्ञांनी चारी बाजूंनी हल्ला केला आहे. कोणी द्रव बदलतो, कोणी द्रव काढून घन पदार्थ घालतो, कोणी पत्र्यालाच मुलामा देतो. पण आज मी पडद्याचेच सांगणार, कारण त्यातली कल्पना आपल्या घरातली आहे. पडद्याला लेप द्यायचा.

मूळ पडदा कशाचा असतो? पॉलिथिनचा किंवा पॉलिप्रोपिलिनचा. बाजारातल्या पिशवीचाच भाऊबंद, पण त्याला ताणून ताणून इतकी बारीक छिद्रे पाडलेली असतात की ती साध्या भिंगाने दिसायची नाहीत. पडद्याची जाडी २५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एका केसाच्या जाडीत असे तीनचार पडदे सहज मावतील. या पडद्याला एक उपजत अक्कल आहे. बॅटरी तापून १३० अंशांच्या वर गेली की पॉलिथिन मऊ होते, छिद्रे मिटतात आणि वीज थांबते. पण उष्णता वाढतच राहिली तर तोच पडदा आक्रसतो. पापड तळताना कडा वळतात तशा त्याच्या कडा आत येतात, आणि कडेला दोन्ही बाजू उघड्या पडून टेकतात. दुसरी खोड अशी की प्लॅस्टिकला तो द्रव धरवत नाही. अळवाच्या पानावर पाणी कसे गोळा होऊन घरंगळते? तसा काही ठिकाणी द्रव मुरतो, काही ठिकाणी मुरत नाही. जिथे मुरत नाही तिथून आयन जात नाहीत, आणि जिथे मुरतो तिथे गर्दी करतात. झुडपाची पेरणी इथेच होते.

आता लेप पाहा. ॲल्युमिना म्हणून एक पदार्थ आहे. नाव परके, वस्तू ओळखीची. धार लावायचा कुरुंदाचा दगड तुम्ही पाहिला असेल; कुरुंद म्हणजे ॲल्युमिनाच. तो बॉक्साइटपासून काढतात, आणि बॉक्साइट आपल्या कोल्हापूर-रत्नागिरीकडे सह्याद्रीच्या माथ्यावर सापडते. या ॲल्युमिनाची अतिशय बारीक पूड करायची, तिच्यात डिंकासारखा एक चिकट पदार्थ आणि पाणी किंवा दुसरा द्रव घालून लापशीसारखे पातळ करायचे, आणि रुळावरून सरकणाऱ्या पडद्यावर त्याचा सारखा हात द्यायचा. मग वाळवायचे. इचलकरंजीकडे सुताला खळ देताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे लगेच समजेल. लेप दोन ते चार मायक्रॉनांचा. सगळी कसब खळीच्या प्रमाणात असते. डिंक जास्त झाला की छिद्रे बुजतात, कमी झाला की पूड गळते.

हा लेप काय करतो? पहिले म्हणजे द्रव त्याच्यात पंचासारखा सगळीकडे मुरतो. दुसरे, त्याच्या कणांमधल्या हजारो वाकड्यातिकड्या वाटांनी आयन पसरून येतात. रोपांना पाणी घालताना आपण तांब्याने एकाच ठिकाणी धार ओतत नाही, झारी वापरतो. तसा हा लेप झारीच्या तोंडाचे काम करतो, आणि पत्र्यावर लिथियम अधिक सारखे बसते. तिसरे, ॲल्युमिना दोन हजार अंशांपर्यंत वितळत नाही. म्हणून आतले प्लॅस्टिक मऊ झाले तरी लेप त्याला आवरून धरतो. कुडाच्या भिंतीला मातीचा गिलावा असतो ना, कुड वाकला तरी गिलावा काही काळ भिंत उभी ठेवतो. नुसता पॉलिथिनचा पडदा १५० अंशांच्या भट्टीत अर्धा तास ठेवला तर चुरगळून लहानसा होतो. चांगला लेप दिलेला बराचसा आपल्या आकारात राहतो. आणि ही काही नुसती प्रयोगशाळेतली बातमी नव्हे. आज विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या साध्या लिथियम बॅटऱ्यांत असे लेप दिलेले पडदे सर्रास वापरले जातात. लिथियमच्या पत्र्याची बॅटरी अजून यायची आहे, पण तिच्यासाठी घेतलेल्या कष्टांचे फळ आपल्या घरच्या बॅटरीला आधीच मिळाले, असे म्हणायला हवे.

लेपाचे आणखी प्रकार निघाले आहेत. सगळे सांगत नाही, चार मजेचे सांगतो. समुद्रकाठी खडकाला शिंपले चिकटून बसतात, लाटांनीही सुटत नाहीत. त्यांच्या चिकट द्रव्यासारखे पॉलिडोपामीन नावाचे द्रव्य २०१२ साली दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी पडद्याला लावले. पडदा पाणी धरू लागला तसा द्रवही धरू लागला, आणि लिथियमचा पत्रा जास्त फेऱ्या टिकला. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१४ साली दोन पडद्यांच्या मध्ये तांब्याचा अतिपातळ थर घातला. झुडूप वाढून त्या थराला टेकले की विजेचा दाब बदललेला बाहेर कळतो, आणि पलीकडे पोचायच्या आत बॅटरी बंद करता येते. रानडुकरांसाठी कुंपणाला रिकामे डबे बांधतात, त्यातलाच प्रकार. त्याच विद्यापीठाने २०१७ साली डब्यांऐवजी राखणदारच बसवला. दोन पडद्यांच्या मध्ये सिलिकाची, म्हणजे आपल्या वाळूतल्या द्रव्याची, बारीक पूड भरली. काटा तिथे आला की सिलिका त्या लिथियमशी रासायनिक क्रिया करून त्याला खाऊन टाकते. आणि २०१५ साली मेरीलँडच्या संशोधकांनी बोरॉन नायट्राइडचा लेप दिला. तो उष्णता लवकर पसरवतो. जाड बुडाच्या भांड्यात भाजी एका जागी करपत नाही, तसा पत्र्यावर कुठे एका ठिकाणी तापटपणा राहत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रश्न सुटला! तसे नाही, आणि ते सांगितल्यावाचून मला भाषण संपवता येणार नाही. २००५ साली चार्ल्स मन्रो आणि जॉन न्यूमन यांनी गणिताने दाखवले होते की, मधला पदार्थ लिथियमच्या सुमारे दुपटीने ताठ असेल तर काटे दबून राहतील. कुरुंदासारखा कठीण पदार्थ तर त्याहून कितीतरी ताठ. पण प्रत्यक्षात लोण्यासारखे लिथियम चिनीमातीसारख्या कठीण थरातूनही वाट काढते असे आढळले. कसे? किल्ल्याच्या बुरुजात पिंपळाचे मूळ कसे शिरते ते आठवा. मूळ दगडापेक्षा कठीण नसते. ते दगडांच्या सांध्यात शिरते. लिथियमही कणांच्या सांध्यांतून, भेगांतून जाते. म्हणजे लेप कठीण असण्यापेक्षा बिनभेगांचा असणे महत्त्वाचे, आणि दहावीस मीटरच्या नव्हे, हजारो मीटरच्या पडद्यावर एकही भेग न ठेवणे किती अवघड असेल याचा विचार करा.

शिवाय लेपाचे वजन होते, जागा जाते. तो जाड केला तर वीज हळू वाहते. बॅटरी श्वास घेतल्यासारखी फुगते-आक्रसते, तेव्हा भिंतीचे पोपडे निघावेत तसे लेपाचे पोपडे निघू शकतात. त्यातून ही पूड हवेतला ओलावा धरते, आणि ओलाव्याशी बॅटरीतल्या लिथियम क्षाराची गाठ पडली की हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होते. म्हणून असे पडदे फार कोरडे करून, कोरड्या खोलीतच वापरावे लागतात. आपल्याकडच्या आषाढातल्या हवेत हे काम उघड्यावर कोणी करू शकणार नाही.

आणखी एक माझे मत सांगतो, पटले तर घ्या. वर्तमानपत्रात बातमी येते की अमक्या लेपाने बॅटरी हजारो तास चालली. त्या वेळी विचारावे, वीज किती घाईने सोडली होती? लिथियम किती जाड होते? द्रव किती ओतला होता? प्रयोगशाळेतल्या बटणाएवढ्या बॅटरीत लिथियमही भरपूर आणि द्रवही भरपूर घालता येतो. ज्याच्या विहिरीला बारमाही पाणी आहे त्याने ऊस वाढवून दाखवला, तर कोरडवाहू शेतकऱ्याने त्यावरून किती धडा घ्यावा? खऱ्या बॅटरीत दोन्ही गोष्टी मोजूनमापून घालाव्या लागतात, आणि कस तिथेच लागतो. अमेरिकेच्या सरकारने २०१६ साली एका मोठ्या संशोधक गटापुढे किलोमागे ५०० वॅट-तासांचे ध्येय ठेवले. तुलनेसाठी, ट्रॅक्टरच्या शिशाच्या बॅटरीत किलोमागे ३०-४० वॅट-तास असतात. आपल्या देशातही तमिळनाडूतल्या कारैकुडीला १९५३ पासून केंद्रीय विद्युत्‌रसायन संशोधन संस्था आहे. लिथियम बॅटऱ्यांवर तिथे काम होते. हुशार विद्यार्थ्यांच्या कानावर हे नाव असू द्यावे.

हे सारे झाले शास्त्रज्ञांचे. आपल्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. साध्या फोनच्या बॅटरीतसुद्धा, फार घाईने किंवा कडाक्याच्या थंडीत भारले तर ग्रॅफाइटवर लिथियमचा धातू साठून काटे येऊ शकतात. म्हणून स्कूटर असो की पंप, त्याच्याबरोबर आलेलाच चार्जर वापरावा. शेजाऱ्याचा मोठा चार्जर लावून काम लवकर उरकू नये. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, "हवा काढून बघू" म्हणून सुई तर मुळीच घालू नये. तुम्ही टोचता ती हवा नव्हे, तो अंतरपाट आहे! तशी बॅटरी पुन्हा भारू नये, चुलीत किंवा उकिरड्यात टाकू नये. घराबाहेर, गवत-कडब्यापासून दूर, वाळूच्या घमेल्यात ठेवावी आणि बॅटऱ्या जमा करणाऱ्याकडे पोचवावी. पेटलीच तर धुरात उभे राहू नये, तो विषारी असतो. आणि आयाबायांना मुद्दाम सांगतो. वजनकाट्यात, खेळण्यांत बसवतात त्या नाण्यासारख्या चपट्या सेलमध्ये खरोखरच लिथियमचा धातू असतो. तो पुन्हा भारायचा नसतो, म्हणून त्याच्यात काट्यांची भीती नाही. पण लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजून निघते. तसा संशय जरी आला तरी सकाळची वाट पाहू नये, तडक दवाखाना गाठावा.

आता गुरुजींसाठी दोन प्रयोग. लिथियमची बॅटरी वर्गात कधीही उघडायची नाही. त्याऐवजी हे करा. तांब्याच्या पत्र्याचे आणि जस्ती पत्र्याचे रुपयाएवढे सहा-सहा तुकडे घ्या. तांबे, मिठाच्या पाण्यात भिजवलेला टीपकागद, जस्त, पुन्हा तांबे, अशी चळत रचा. पाणी निथळून कडांवरून ओघळू देऊ नका. दोन टोकांना लहान तांबडा एलईडी दिवा जोडला की तो मिणमिणतो. नाही लागला तर त्याच्या तारा उलट करा. मग एका थरातला कागद काढून त्या जागी पॉलिथिनचा तुकडा घाला. दिवा विझेल. त्याच तुकड्याला टाचणीने पुष्कळ भोके पाडा, त्याच्या दोन्ही अंगांना ओला कागद ठेवा, आणि पाहा. शेवटी एका थरातले पडदे काढून दोन्ही धातू थेट टेकवा. काय काय फरक पडला ते मुलांनाच लिहू द्या.

दुसरा प्रयोग मोरचुदाचा. काचेच्या दोन पेल्यांत मोरचुदाचे निळे पाणी घ्या. प्रत्येकात तांब्याच्या दोन उघड्या तारा, एकमेकींना न टेकता. एका पेल्याला टॉर्चचा एक सेल जोडा, दुसऱ्याला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. पाव तासाने दोन्ही पेल्यांतल्या ऋण तारा भिंगाखाली पाहा. सावकाश भारलेल्या तारेवर तांब्याचा गुळगुळीत थर दिसेल. घाई केलेल्या तारेवर काळपट तांबूस, खरबरीत झुपके आलेले दिसतील. लिथियमच्या पत्र्यावर काय होते ते मुलांना डोळ्यांनी दिसायला याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही. मोरचूद विषारी आहे, तेव्हा प्रयोगानंतर सगळ्यांनी हात धुवावेत, आणि ते पेले पुन्हा पाणी प्यायला वापरू नयेत.